शून्य पूर्णांक सात

ब्रेक तिनंच दाबला. दातांच्या डॉक्टरांनी क्लच समजून ॲक्सिलरेटरवर पाय दिला होता आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं निवांत मान खाजवत बसलं होतं. गाडी खाडकन थांबली. डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरून मांडीत पडला. कुत्र्यानं मान वर केली, गाडीवरचा लाल 'एल' पाहिला आणि समजूतदारपणे बाजूला झालं. डॅशबोर्डवर अडकवलेला फोन मात्र तसूभरही हलला नाही. त्यातून केव्हाची वाजत असलेली बासरी वाजतच राहिली.

"आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," बासरी थांबवून एक बाई म्हणाली.

"मग उचला की एकदाचा!"

"मला म्हणालात?" डॉक्टरांनी चष्मा शोधत विचारलं.

"तुम्हाला नाही. तुम्ही गाडी न्यूट्रलला घ्या."

तिचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक गाडी, एक फलक आणि ती. गाडीत तिच्या बाजूलाही एक जास्तीचा ब्रेक होता आणि त्या ब्रेकनं गावातली निम्मी माणसं वाचवली आहेत असं तिचं मत होतं. उरलेली निम्मी तिच्याकडे शिकायला आली नाहीत म्हणून वाचली, असं तिच्या नवऱ्याचं मत होतं. नवरा बोटीवर स्वयंपाकी होता, त्यामुळे असली मतं तो भर समुद्रातून मांडत असे.

बासरी बंद झाली. या वेळी जिवंत मुलीचा आवाज आला.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकते?"

"माझ्या सासऱ्यांचे सत्तर शेअर आहेत तुमच्या पंख्यांच्या कंपनीत. तुमची नोटीस आलीय की आता शंभर जुन्या शेअरांचा मिळून एक नवा शेअर होणार आणि कंपनी परदेशातल्या बाजारात जाणार. खरं आहे?"

"खरं आहे मॅडम. अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"आपण आता जागतिक गुंतवणूकदार आहात."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. तिनं काच खाली करून त्याला हातानंच पुढे जायला सांगितलं, आणि ते इतक्या जोरात सांगितलं की तो निमूट मागे गेला.

"सत्तराचं काय होणार ते सांगा."

"सत्तराचे शून्य पूर्णांक सात होतात मॅडम."

"आणि सभेला बसायला निदान एक शेअर हवा, असं तुम्हीच लिहिलंय. मग शून्य पूर्णांक सात माणसानं सभेला यायचं कसं? पाय घरी ठेवून?"

"मॅडम, शून्य पूर्णांक सात शेअर आहे. माणूस पूर्णच आहे."

डॉक्टर खुदकन हसले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं तसे ते आरशात बघू लागले.

"मॅडम, थोडं ऐकून घेता का? अपूर्णांकाचं असं आहे की—"

"अपूर्णांक असतील तुमच्या घरी!" ती ओरडली. "तीस वर्षं त्या माणसानं तुमची पाती तोलली! आमच्यात कुणी अपूर्णांक नाही!" आणि तिनं फोन कापला.

फोन कापायचं बटण पूर्वीच्या रिसीव्हरसारखं आपटता येत नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

"ती मुलगी काहीतरी सांगत होती," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही उजवीकडे वळा."

"उजवीकडे भिंत आहे."

"मग डावीकडे वळा. पण वळा."

घरी बाबा, म्हणजे तिचे सासरे, खिडकीपाशी बसून नखं कापत होते. पंख्यांच्या कारखान्यात पात्यांचा तोल बघायच्या खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अजूनही कुठे पंखा फिरताना दिसला की ते आधी त्याच्याकडे बघत, मग त्याच्याखालच्या माणसांकडे. कंपनी एकदा फार खुशीत आली होती तेव्हा तिनं कामगारांना शेअर दिले. बहुतेकांनी ते विकून घराची छपरं दुरुस्त केली. बाबांनी ठेवले. छप्पर गळतच होतं, पण बाबा कंपनीचे मालक होते.

वर्षातून एकदा कंपनीची सभा भरे. त्या दिवशी बाबा इस्त्रीचा निळा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसत आणि अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हटलं की उभे राहत. प्रश्न ठरलेला होता. कंपनी पंख्यांची असताना सभागृहात दुसऱ्याच कंपनीचे पंखे का? अध्यक्ष म्हणत, फार चांगला प्रश्न आहे, नोंद घेतली आहे. बरीच वर्षं नोंद घेतल्यावर एका वर्षी सभागृहातले पंखे काढून एसी बसवला गेला. त्या वर्षी बाबांनी विचारलं, पंखे का काढले? फार चांगला प्रश्न आहे, अध्यक्ष म्हणाले.

पण बाबा घरी येत ते ताठ. सून दार उघडे तेव्हा म्हणत, "विचारलं." पुढचे दोन दिवस त्यांना नीट ऐकूही येई.

तिनं चपला काढता काढता त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे तिला जेवढं कळलं होतं तेवढं.

"कंपनी परदेशी चालली?" बाबा म्हणाले. "तिकडे थंडी असते म्हणतात. पंखे कोण घेणार?"

"पंखे इथेच विकणार. कारखानाही इथेच. फक्त शेअर तिकडे."

"म्हणजे घर इथे आणि आडनाव तिकडे."

"तसंच. सभा फोनवर दिसेल. पण ज्याचा एक पूर्ण शेअर असेल त्यालाच बोलता येणार."

"माझे सत्तर आहेत."

"तिकडच्या मापानं ते एकाहून कमी होतात, बाबा."

बाबांनी नखं गोळा करून कागदात बांधली, उठले, कपाटातला निळा शर्ट हँगरवरून काढला, त्याची घडी घातली आणि रोजच्या शर्टांच्या ढिगात खाली सरकवला. मग ते कपाटाचं दार लावू लागले. ते नीट बसत नव्हतं. त्यांनी तीनदा लावलं.

ती पुढे झाली, ढिगातून शर्ट ओढून काढला आणि परत हँगरवर अडकवला. हँगरचा आकडा वाकला.

"तुमची सभा कुठेही जात नाही," ती म्हणाली. ती त्यांच्यावरच ओरडल्यासारखी म्हणाली, पण बाबांना सवय होती.

गल्लीत आणखी तिघांकडे हे शेअर होते. खालचा औषधवाला, समोरचा टेलर आणि कोपऱ्यावरचा कुलूपवाला. औषधवाल्याला ते वडिलांकडून आले होते, टेलरला मोठ्या भावाकडून. कुलूपवाल्यानं एकदा एका गिऱ्हाइकाकडून मजुरीऐवजी घेतले होते, तेव्हापासून तो चावी घासता घासता कुणालाही सांगे की आपण पंखा कंपनीत भागीदार आहोत. संध्याकाळी ती तिघांनाही बाबांच्या खोलीत घेऊन आली. बोलावून आणलं म्हणण्यापेक्षा गोळा करून आणलं म्हणणं जास्त बरोबर होईल.

"सोपं आहे," औषधवाला म्हणाला. "माझ्या दुकानातला नियम. पट्टी घ्यायची तर पूर्ण घ्या, सुटी गोळी मिळणार नाही. आपण चौघं सुट्या गोळ्या आहोत. आपल्या हातावर पैसे टेकवणार आणि नमस्कार करणार."

"पण नक्की असंच लिहिलंय का?" कुलूपवाल्यानं विचारलं.

कंपनीची जाडजूड पुस्तिका प्रत्येकाच्या फोनवर आली होती. कागदावर ती कुणाकडेच आली नव्हती. औषधवाल्यानं ती उघडली होती. अक्षरं मुंग्यांना वाचता यावीत एवढी होती, म्हणून बंद केली होती. टेलरच्या फोननं ती उघडायलाच नकार दिला होता. कुलूपवाला म्हणाला, कुलूप असतं तर उघडलं असतं.

"वहिनी, तुम्ही फोन लावला होतात ना कंपनीला? काय म्हणाले?"

"म्हणाले, सत्तराचे शून्य पूर्णांक सात."

"आणि पुढे?"

तिनं टेबलावरचं घड्याळ उचलून उगाच किल्ली दिली.

"पुढे काय असणार," ती म्हणाली. "लुटारू आहेत. वर अभिनंदन करतात."

यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि खोलीतलं वातावरण एकदम मोकळं झालं. बेरीज तिनंच मांडली. बाबांचे सत्तर, टेलरचे पासष्ट, बाकी दोघांचे साठ-साठ. दोनशे पंचावन्न. ठरलेल्या तारखेआधी सगळे एकाच नावावर केले तर दोन शेअर पूर्ण होतील आणि वरच्या पंचावन्नाचे पैसे येतील ते वाटून घ्यायचे. एकेकटे राहिलो तर चौघंही बाहेर. एकत्र राहिलो तर दोन शेअर आत.

"एकाच नावावर. पण कुणाच्या?" टेलर म्हणाला आणि मोकळं वातावरण परत मिटलं.

"माझ्या करा," औषधवाला म्हणाला.

"तुझ्या? तू त्याच्यावर एक्सपायरी डेट टाकशील."

"आणि तुझ्या नावावर केले तर दोनाचे दीड होऊन परत येतील, आणि तू म्हणशील कापड आटलं."

"माझ्याकडे ठेवा मग," कुलूपवाला हळूच म्हणाला.

"तुझ्याकडे अख्ख्या गावाच्या चाव्या आहेत. निदान शेअर तरी बाहेर राहू देत."

"बाबांच्या नावावर होतील," ती म्हणाली.

तिघांनीही बाबांकडे पाहिलं. पटण्यासारखं होतं. काका कुठे पळून जाणार नव्हते. काकांना जिना उतरायलाच टेकावं लागायचं.

"चालेल," बाबा म्हणाले. "पण सभेत मी बोलणार."

"बोला की."

"आणि प्रश्न माझा."

"काका, आता चौघांचा मिळून शेअर आहे, तर प्रश्नही चौघांचा मिळून—"

"शेअर चौघांचा. प्रश्न माझा."

पुढचे दिवस तिचे चिडण्यात गेले. सगळ्यांचे शेअर एका नावावर घ्यायला परदेशातलं खातं लागे, आणि ते उघडायचं तर बाबांनी फोनसमोर चेहरा धरायचा होता. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, पापण्या मिटा. बाबांनी सगळं केलं. फोननं लिहिलं, चेहरा जिवंत वाटत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले.

"काही बरोबर नाही!" म्हणत तिनं फोनला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या खिडकीतला रेडिओ बंद झाला. मग खोलीतले सगळे दिवे लावले, बाबांच्या मागे पांढरी चादर धरून टेलरला उभं केलं, औषधवाल्यानं बाबांच्या गालांना थोडी पावडर लावली, आणि सातव्या की आठव्या खेपेला बाबा जिवंत ठरले. चौघांनी टाळ्या वाजवल्या. आता हे तिघं रोज संध्याकाळी वर येत. काय झालं काका, आलं का काका, असं विचारत आणि चहा पिऊन जात. औषधवाला खुर्ची सोडून बाबांच्या पलंगावरच मांडी घालून बसू लागला होता.

आणि मग एका संध्याकाळी खात्यात शेअर आले. तिनं आकडा पाहिला, फोन पदराला पुसला, परत पाहिला.

"तीन," ती म्हणाली.

"दोन," औषधवाला म्हणाला.

"तीन आहेत."

फोन हातोहात फिरला. तीनच होते.

"चूक झालीय त्यांची," औषधवाला कुजबुजला. "कुणी एक अक्षर बोलायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही, काही नाही."

कुलूपवाल्यानं उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. टेलर इतका खूश झाला की बाबांना एक शर्ट फुकट शिवून देतो म्हणाला आणि तिथल्या तिथे त्यांच्या खांद्याचं माप घेऊ लागला. वरकमाईच्या या तिसऱ्या शेअरनं दर महिन्याला एकेकाकडे मुक्कामाला जावं, अशीही एक सूचना आली. इतक्या दिवसांत कंपनीबद्दल पहिल्यांदाच कुणी वाईट बोललं नाही.

तिला मात्र चैन पडेना. कुणी आपल्या बाजूनं चुकतं, या गोष्टीची तिला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात डॉक्टर दोन पिंपांमध्ये गाडी मागे घेत होते तेव्हा तिनं फोनवर ती पुस्तिका उघडली आणि दोन बोटांनी अक्षरं ताणायला सुरुवात केली. परिशिष्ट. अपूर्णांक. प्रत्येक भागधारकाच्या नावे येणारा अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून अधिक असल्यास तो एक पूर्ण शेअर धरण्यात येईल. अर्ध्याहून कमी असल्यास रोख.

म्हणून पंचावन्नाचा एक पूर्ण धरला गेला होता. म्हणून तीन. चूक नव्हतीच.

ती आरामात मागे रेलली. मग तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. प्रत्येक भागधारकाच्या नावे.

सत्तर. पासष्ट. साठ. साठ.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले. "पिंप."

तिनं ब्रेक दाबला नाही. पिंप पडलं, गडगडत मैदानाच्या उतारावर गेलं आणि कुंपणाला जाऊन थांबलं. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. पिंप त्यांनी याआधीही पाडलं असतं, पण तिनं कधी पाडू दिलं नव्हतं.

"डॉक्टर, साठ म्हणजे शंभराच्या अर्ध्याहून जास्तच ना?"

"हो. का?"

"काही नाही. उतरा आणि पिंप आणा."

चौघंही आपापल्या घरी नुसते बसून राहिले असते, पुस्तिका न उघडता, फोन न करता, पावडर न लावता, तर चौघांनाही एकेक शेअर मिळाला असता. तिनं सगळ्यांना एकत्र केलं म्हणून तीन झाले. या एकाच बाबतीत कंपनीनं सरळपणे वागायचं ठरवलं होतं आणि तिला आजवर आलेल्या सगळ्या रागांत याचा राग मोठा होता. तो कुणावर काढायचा तेही कळेना. ती खाली उतरली, टायरला एक लाथ घातली. टायर तिचाच होता.

संध्याकाळी तिनं तिघांना वर बोलावलं. बाबा आतल्या खोलीत पडले होते. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. एकदा सांगून कळलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी कळलं.

तिघंही एकदम बोलू लागले. कंपनीवर चिडायचं तर आधी बासरी ऐकावी लागे. ही तर समोर उभी होती, बासरीशिवाय.

"चार झाले असते! तीन झाले! एक शेअर हवेत गेला!" औषधवाला म्हणाला. "बेरीज कुणी केली? तुम्ही केलीत!"

"मी म्हणत होतो, ज्याचं त्याच्याकडे राहू दे," टेलर म्हणाला. असं तो कधीच म्हणाला नव्हता. "पण तुमच्यापुढे कुणाचं काही चालतं का? गाडी तुमची, रस्ता तुमचा, ब्रेक पण तुमचाच!"

"वहिनी," कुलूपवाला म्हणाला. तो एकटाच ओरडत नव्हता आणि तेच तिला सहन होत नव्हतं. "मी घरच्यांनाही न विचारता दिले तुम्हाला."

तिनं खुर्चीची पाठ धरली होती.

"लोकांना गोळा करायच्या आधी नीट माहिती काढायची असते!" टेलरचा आवाज आता जिन्यापर्यंत जात होता. "कंपनीशी तुम्ही बोललात ना? एवढी साधी गोष्ट फोनवर कुणी सांगितली नाही तुम्हाला? का सांगितली होती?"

तिनं तोंड उघडलं.

"तिला कुठून माहीत असणार," दारातून बाबा म्हणाले. "मला माहीत होतं."

सगळे वळले. बाबा चौकटीला टेकून उभे होते, केस एका बाजूला चपटे झालेले, एका पायात चप्पल.

"बाबा, तुम्ही आत—"

"तू गप्प बस." असं ते तिला आजवर कधी म्हणाले नव्हते. त्यामुळे ती बसली.

"तुम्हाला माहीत होतं काका?" औषधवाल्याला धड उभंही राहवेना. "आधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि आम्हाला बोलला नाहीत?"

"नाही बोललो."

"का?"

बाबांनी चपटे झालेले केस हातानं सारखे केले.

"तुम्ही सगळे रोज येत होतात," ते म्हणाले. "बरं वाटत होतं."

यावर खरा भडका उडाला. म्हाताऱ्यानं केसानं गळा कापला. टेलर म्हणाला, शर्ट विसरा. औषधवाला म्हणाला, "दर महिन्याला तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी स्वतः जिना चढून आणून देतो!"

"मग? आता आणणार नाहीस?"

"आणीन!" औषधवाला किंचाळला. "आणीन, पण बोलणार नाही!"

"चालेल. किती गेले म्हणालात तुम्ही? एक?"

"एक."

"तो माझा धरा. उरले तीन. तुम्ही तिघं." बाबांनी सुनेकडे पाहिलं. "उद्या एकेक यांच्या नावावर करून टाक."

"आणि सभा?" ती म्हणाली. तिचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही, किंवा आला असेल.

कुलूपवाला काहीतरी बोलणार होता, पण टेलरनं त्याला कोपरापाशी धरलं. तिघंही बाहेर पडले. जिन्यावरून त्यांचे आवाज खाली खाली जात राहिले. म्हाताऱ्याबद्दल, माणसांवर भरवसा ठेवण्याबद्दल, जगाबद्दल. खाली फाटकापाशी पोचले तेव्हा ते तिघंही एकमेकांशी फार प्रेमानं बोलत होते.

तिनं दार लावलं. बाबा पलंगावर जाऊन बसले, चप्पल काढली आणि हातानं समोरच्या खुर्चीकडे खूण केली. ती बसली.

"हं," बाबा म्हणाले. "आता नीट सांग. मला नक्की काय माहीत होतं?"

ती खुर्चीत पुढे सरकली.

"तुम्ही काही ऐकलंत तरी का?"

"टेलर तुझ्यावर ओरडत होता आणि एक शेअर गेला होता. त्याआधीचं काही ऐकू आलं नाही."

"बाबा, तुम्ही तुमचा शेअर देऊन टाकलात!" आता मात्र ती भडकली. इतक्या दिवसांत कंपनीवर चिडली नव्हती एवढी चिडली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी आणलं होतं त्यांना, मी निस्तरलं असतं! तुमची सभा होती ती! एवढं सगळं कशासाठी केलं मी?"

"दिला ते मला ठाऊक आहे. कशापायी दिला तेवढं विचारतोय."

मग तिनं सांगितलं. परिशिष्ट सांगितलं, अर्धा सांगितला, अर्ध्याहून जास्त सांगितला. फोनवरच्या मुलीचं बोलणं आपण मध्येच तोडलं, तेही सांगितलं, आणि ते सांगताना तिची नजर खाली गेली. बाबा ऐकत होते. त्यांचं कपाळ हळूहळू लाल होत गेलं.

"म्हणजे काहीच केलं नसतं," ते म्हणाले, "इथे नुसता झोपून राहिलो असतो, तरी माझा एक राहिला असता?"

"हो."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. तिनं खांदे आवळले. बाहेर एक दुचाकी आली, थांबली, निघून गेली. बाबांनी श्वास सोडून दिला आणि उशी सारखी केली.

"दमलोय आता," ते म्हणाले. "उद्या ओरडतो."

"उद्या सकाळी माझे धडे आहेत. नऊपर्यंत गाडीवर असते मी."

"मग नऊनंतर," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.